माशाच्या अंगावरची रेषा

फॉर्मॅलिनचा वास आला की मला फरीदाबादच्या शाळेतली बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आठवते. ट्रेमध्ये पिवळट पडलेला रोहू आणि त्यापासून चार हात दूर, नाकाला रुमाल लावून बसलेले बाहेरचे परीक्षक. माशाला ते शिवणार नव्हते, मार्क मात्र देणार होते. पार्श्वरेषेचं काम विचारलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी गाइडमधली व्याख्या छताकडे बघत म्हणून दाखवली. मग आमच्याच वर्गातली, मासळीवाल्याची मुलगी पुढे आली. तिला बीएस्सीला जायचं होतं, एकेक मार्क हवा होता. तिने कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या बारीक रेषेवरून नख फिरवलं. "सर, टब में हाथ डालो तो छूने से पहले ही सरक जाती है. पानी हिला, ये इसी लकीर से पता चलता है." परीक्षक हसले, "मछली बेचती हो क्या?" "हाँ सर, इसीलिए पता है." "यहाँ किताब की भाषा चलती है, बाज़ार की नहीं," म्हणत त्यांनी तिला जेमतेम पास केलं. मला पैकीच्या पैकी मिळाले. त्या माणसाची मला आजही किळस येते, आणि माशाकडे न बघता मिळवलेल्या माझ्या मार्कांचीही.