तिसऱ्या फंक्शनपर्यंत पोचलेलं नाव

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. पोलादपूरहून उमरठकडे जाताना डोंगराच्या कडेला आमची वाडी आहे. तिथून रोज एसटीनं महाडला जाऊन मी संगणकाची पदवी घेतली, आणि आता पुण्याच्या एका कंपनीचं काम वाडीत बसून करते. त्यामुळे कुणी गेलं तर खोऱ्यातल्या सगळ्या वाड्यांना एकदम फोन जाईल अशी सोय करायचं गावच्या बैठकीत ठरलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटलं.

बाबांना नाही वाटलं.

"मेल्याचा निरोप परत आपल्याच घरातनं जानार?"

माझ्या आज्याकडे तेच काम होतं. काम कसलं, जातीनं गळ्यात बांधलेलं. खोऱ्यात कुणीही मेलं की आजा वाडी-वाडी चालत जायचा, अंगणाबाहेर उभा राहायचा आणि सांगायचा: कोण गेलं, कुठल्या वाडीत, किती वाजता उचलणार. आतून कुणीतरी "कळलं" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय आजा पाठ फिरवायचा नाही. पाणी कुणी विचारायचं नाही. धम्म घेतला तेव्हा आज्यानं ते काम सोडलं आणि बाबांना बजावलं, आपल्या दारातून हा निरोप पुन्हा जाऊ द्यायचा नाही.

"बाबा, आता कुणी चालत जात नाही," मी म्हटलं. "मशीन जातं."

"मग मशीनला 'कळलं' कोन म्हननार?"

मी हसले आणि कामाला लागले.

एकापाठोपाठ चालणारी तीन फंक्शनं लिहिली. पहिलं गेलेल्याची नोंद घेणार, दुसरं लांबच्या सर्व्हरवरून फोन नंबरांची यादी आणणार, तिसरं ती यादी फोन लावणाऱ्या सेवेकडे सोपवणार. यातलं काहीच तात्काळ होत नाही. प्रत्येक फंक्शन नेटवर्कची वाट बघत थांबतं, आणि ते थांबलेलं असताना बाकीचा प्रोग्राम आपली दुसरी कामं करत राहतो. फोनवरचं वाक्य मी माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं. मधलं नाव, वाडी आणि वेळ तेवढी मशीन बोलायचं.

अशा साखळीत मागचं फंक्शन जे हातात देईल तेवढंच पुढच्याला मिळतं. माझं दुसरं फंक्शन पुढे फक्त यादी देत होतं, नाव देत नव्हतं. खरं तर नाव, वाडी, वेळ असं सगळं एकत्र बांधून एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती द्यायला हवं होतं. मी कंटाळा केला. ते सगळं बाहेर एका सामायिक जागेत ठेवून दिलं, ज्याला लागेल त्यानं तिथून उचलावं म्हणून. चाचणीत चाललं, मी सोडून दिलं.

भाद्रपदातली सकाळ होती. धुकं इतकं की अंगणातला पेरू दिसत नव्हता. वरच्या वाडीतला म्हातारा गेल्याचा त्याच्या सुनेचा फोन आला. शेतीभाती असलेलं घर, पण मुलगा आखातात आणि वाडीतली बाकीची पोरं मुंबईत. "खांदा द्यायला चार मानसं तरी मिळूं दे गो," ती म्हणाली. "चारला उचलायचं हाय."

मी नोंद केली. नेट रखडत होतं, यादी येईना. बसल्या बसल्या राहिलेलं एक काम उरकलं: बाबांनी नवा फोन घेतला होता, त्यांचा नंबर यादीत घातला. थोड्या वेळानं फोन सुटायला लागले, आणि तेवढ्यात वीज गेली, पाठोपाठ टॉवरही गेला.

तासाभरानं धुक्यातून तीन माणसं आमच्या अंगणात आली. पांढरे सदरे. एकाच्या हातात पांढऱ्या कापडाची घडी. ओढ्यापलीकडच्या वाडीतले, ओळखीचे. बाबा काकडीच्या मांडवासाठी बांबू तासत बसले होते. ती माणसं बाबांकडे बघत राहिली, मग बांबूकडे. कुणी पुढे येईना.

"अरे, या की," बाबा म्हणाले.

त्यातला एक मागे सरकला. दुसऱ्यानं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बाय, फोनवर तर तूच बोललीस ना?"

मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. बॅटरी होती. तिसऱ्या फंक्शननं पुढे काय दिलं ते पडद्यावर होतं: बाबांचं नाव, आमची वाडी. वेळ मात्र बरोबर, चार. बाबांचा नंबर घालताना त्यांचं नाव आणि वाडी त्याच सामायिक जागेत जाऊन बसली होती. यादीची वाट बघून तिसरं फंक्शन तिथे आलं, तेव्हा म्हाताऱ्याचं नाव केव्हाच पुसलं गेलं होतं. प्रोग्रामच्या दृष्टीनं चूक कुठेच नव्हती. त्यानं समोर दिसलं ते उचललं.

टॉवरशिवाय मला काहीही मागे घेता येईना. किती घरांत फोन पोचला तेही कळेना. वरच्या वाडीत सून चार माणसांची वाट बघत होती, आणि माणसं आमच्याकडे येत होती.

मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला बांबू भिंतीला टेकवला. मग चपला घातल्या.

"मी जाते बाबा, चूक माझी आहे."

"तुजं कोन ऐकंल? तूच सांगितलंस ना मी मेलो म्हनून. माज्या पायानं जातोय मी. कुनाचा हुकूम नाय."

खरं काय ते ऐकून ते तिघे तिथूनच वरच्या वाडीकडे निघाले. मी लॅपटॉप पिशवीत टाकून बाबांच्या मागे चालले. पाच पावलांपुढे त्यांची पाठ धुक्यात विरायची, मग खोकला ऐकू आला की जिवात जीव यायचा. पहिल्याच घरी म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली आणि तांब्या तसाच हातात राहिला.

"अगो बाय! मेलास म्हून सांगत होते रे!"

"मी नाय मेलो, वहिनी. वरच्या वाडीतला म्हातारा गेला. चारला उचलनार."

"मग तू कशाला आलास?"

"सांगाय."

तिनं त्यांच्या मनगटाला बोट लावून बघितलं. "कळलं," ती म्हणाली, आणि तांब्या पुढे केला. बाबा प्यायले.

सात घरं झाली. प्रत्येक दारात तेच: आधी बाबांच्या पायांकडे बघणं. एका घरात तर त्यांच्यासाठी ओटीवर दिवा लावलेला होता. "विझवा तो," बाबा म्हणाले, पण घरातलं कुणी हलेना. शेवटी त्यांनी स्वतःच वाकून फुंकर मारली.

वरच्या वाडीत पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. ते तिघे हजर होते. बाकी सगळी साठी उलटलेली, गुडघ्यांनी अधू. चौथा माणूस नव्हता. म्हाताऱ्याचा मेहुणा तिरडीपाशी, बाबांच्या वाटेत उभा होता. या घराच्या ओटीवर आज्याला कधी पाय ठेवू दिला नव्हता. मग तो बाजूला सरकला. चौथा खांदा बाबांनी दिला.

माणसं स्मशानातून परत येऊन म्हाताऱ्याच्या अंगणात टेकली, उजेड उतरत होता. मी थोडी निवांत झाले होते. आणि टॉवर आला.

फोन लागला नाही तर लागेपर्यंत लावत राहा, असं मीच लिहून ठेवलं होतं. आधी एका खिशात वाजला, मग दुसऱ्या, मग खालून धुक्यातून, पलीकडच्या उतारावरून, ओढ्याकडून. कुणीतरी स्पीकरवर घेतला. माझा आवाज अंगणभर झाला: कळविण्यास दुःख होते की. मग मशीननं बाबांचं नाव घेतलं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, पण नेट काही जोडलं जाईना.

यादीत शेवटचा नंबर बाबांचा होता. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला.

"बाबा, घेऊ नका."

त्यांनी घेतला. कानाला लावून माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं, आज्याच्या काळी लोक ऐकायचे तसं, मान खाली घालून. पलीकडे कुणी नव्हतं, तरी ते थांबले.

"कळलं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.