रेकॉर्डिंग पुसलं तेव्हा

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे 'तोफ' म्हणत. वय सव्वीस, आणि पहिल्या पानावर तिचं नाव इतक्यांदा यायचं की जुन्या वार्ताहरांच्या पोटात दुखायला लागलं होतं. संपादकांनी शिकवलेला एक नियम ती डोळे मिटून पाळायची: माहिती देणाऱ्याचं नाव फुटता कामा नये.

मामा सरकारी दवाखान्याच्या औषधभांडारात कारकून. एका रविवारी घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी त्याने सांगितलं, मुदत संपलेल्या औषधांवर तिथे नवी लेबलं चिकटवतात. तिने रेकॉर्ड केलं. "पोरी, माझी नोकरी जाईल गं," तो काकुळतीला आला, तेव्हा टिपणं उतरवून झाल्यावर तिने त्याच्यादेखत सगळं रेकॉर्डिंग पुसलं. शहाणपणाच केला म्हणायचा! पण सख्ख्या मामावर विश्वास ठेवायचा नाही, तर कोणावर?

बातमी गाजली. आठवड्यात दवाखान्याची नोटीस आली: पुरावा द्या. तपासणीत भांडार लख्ख, आणि मामा तिथला प्रमुख झालेला. ती धावत त्याच्याकडे गेली.

"कसली औषधं? मी कधी काय बोललो?" मामा चहा ढवळत म्हणाला.

केसाने गळा कापला तिचा. मग तिनेही संपादकांना त्याचं नाव सांगून टाकलं.

"दवाखान्याचा एकही कागद नाही, रेकॉर्डिंग नाही. कोणी ऐकणारं तरी होतं?" त्यांनी विचारलं.

होतं. आई. त्याच टेबलाशी मटार सोलत बसली होती. "लहान मुलांनाही हीच औषधं देतात?" असं तिनेच मामाला विचारलं होतं, आणि बातमीचा मथळाही तोच झाला होता.

दुसऱ्या दिवशी संपादक स्वतः घरी आले. आईने पदराला हात पुसले, लेकीकडे न बघता म्हणाली, "मी स्वयंपाकघरात होते. माझ्या कानावर काही आलं नाही."

संपादक उठले. "उद्यापासून येऊ नकोस," दारातच म्हणाले. "आणि खुलासा छापावा लागेल, तुझ्या नावानिशी."

ते गेल्यावर तिला रडूही येईना, इतका संताप झाला होता. "आई, तू खोटं बोललीस. माझ्यासमोर!"

"तुला दुसरी नोकरी मिळेल गं," आई म्हणाली. "मला दुसरा भाऊ कुठून मिळणार?"

खोट्या बातमीवालीला कुठलंच वर्तमानपत्र दारात उभं करणार नव्हतं. आणि आईला ते पुरतं ठाऊक होतं.