निकाली कुस्ती

राजारामपुरीतला तो लॅपटॉप दुरुस्त करणारा एवढ्या मोठ्यानं बोलायचा, की आपला बिघाड अख्ख्या गल्लीला कळायचा. मी काढलेला घराचा नकाशा उघडला की माझा लॅपटॉप बंद पडे, आणि त्याच संध्याकाळी तो नकाशा गिऱ्हाइकाला दाखवायचा होता.

"ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुनाट हाय," म्हणत त्यानं सीडीवरून नवा टाकला. मी लॅपटॉप उचलणार, तेवढ्यात त्यानं वर हात ठेवला.

"थांबा पावणं. कुस्ती निकाली झाल्याबिगर मशीन सोडत न्हाय मी."

तपासणीसाठी त्यानं कुस्तीचा व्हिडिओ लावला. प्रत्येक डावाला त्याचाच खांदा वळत होता. लॅपटॉप एकदाही अडखळला नाही. कुस्ती मात्र बरोबरीत सुटली.

त्यानं ओशाळून माझ्याकडं पाहिलं. मी गिऱ्हाइकाला उशीर होईल म्हणून कळवलं आणि स्टूल पुढं ओढलं.

"दुसरी लावा की!"