कोठडीतलं गूळपाणी

“आरं कोण बसलंय माझ्या पायावर? पाय हाय का पाट हाय तो? ऊठ! ऊठ म्हणतो ना!”

ओरडत होते ते किराणा दुकानवाले अप्पा, आणि त्यांच्या पायावर बसलेला माणूस मी होतो. उठायला माझी ना नव्हती, पण उठून जायचं कुठं? माझ्या मांडीवर शाळेतले एक मास्तर बसले होते, मास्तरांच्या पाठीला एक शिंपी टेकला होता, आणि शिंपी हलला असता तर भिंतीकडचे तिघे उताणे पडले असते. त्या कोठडीत एकाला खाज सुटली की खाजवायला तिघांची परवानगी लागायची. दारावर पांढऱ्या रंगात ‘क्षमता १४’ असं लिहिलेलं होतं. आम्ही साठ होतो. पुढं हा किस्सा सांगताना मी कधी शंभर सांगितले, रंग चढला तर दीडशेसुद्धा. पण इथं लिहून ठेवतोय म्हणून खरा आकडा देतो, साठ. तुमच्या समाधानासाठी दोन-चार कमी धरा.

“अप्पा, तुम्ही पाय काढून घ्या, म्हणजे मी जागच्या जागी खाली बसतो,” मी म्हणालो.

“काढून कुठं ठेवू, खुंटीला?”

सगळी कोठडी हसली. पहिल्या दिवशी हसू येत होतं.

झालं होतं असं की साल दुष्काळाचं होतं आणि लातूर नुकताच जिल्हा झाला होता. जिल्हा झाल्याचा गुलाल अजून गटारांत तसाच पडून होता, कारण तो वाहून न्यायलाही पाणी नव्हतं. मी मूळचा नायगावचा, शिकलो नांदेडला, आणि पोटासाठी लातूरच्या एका डाळमिलमध्ये कारकुनी करत होतो. गल्लीतल्या बायकांनी रिकाम्या घागरी घेऊन नव्या कचेरीवर मोर्चा काढला. आम्ही पुरुष मागं, घोषणा द्यायला. माझा आवाज तेव्हा असा होता की ‘पाणी द्या’ म्हणून मी पहिल्यांदा ओरडलो तेव्हा तिकडं निलंग्याच्या म्हशींनी कान टवकारले. पोलिसांनी बायकांना घरी पाठवलं आणि आवाजवाल्यांना उचललं. लातूरची कोठडी आधीच भरलेली, म्हणून आम्हाला ट्रकात घालून तालुक्याच्या एका गावी नेलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथं आता माझी सोयरीक आहे.

जिल्हा कोरा करकरीत होता, पण ही कोठडी निजामाच्या काळातली. पूर्वी तिथं सरकारी धान्याचा गल्ला ठेवायचे. ज्वारीला खिडकी लागत नाही, म्हणून खिडकी नव्हती. वर छताला चिकटून एक झरोका. ज्वारी काढून माणसं भरली तेव्हा तो झरोका वाढवावा, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा. आडोसा नाही. साठ माणसांना तो एक डबा. त्या डब्यावर मी आजवर हजार विनोद केले असतील, इथं एकही लिहवत नाही. कुणी डब्याकडं निघालं की बाकीचे भिंतीकडं तोंड करायचे आणि कुणीतरी मोठ्यानं भजन सुरू करायचं, एवढंच सांगतो.

पाणी रोज सकाळी बैलगाडीवरून यायचं, एक पिंप. ज्याला त्याला एक तांब्या. त्यातच पिणं, त्यातच धुणं, त्यातच देव. अप्पांच्या गळ्यात लिंग होतं. अंघोळ करून पूजा केल्याशिवाय तोंडात घास न घालणारा माणूस तो. अंघोळीला पाणी नाही म्हणून दोन दिवस उपाशी राहिले. तिसऱ्या दिवशी ओल्या बोटांनी कपाळ पुसलं, “शिवा, शिवा” म्हणाले आणि भाकरी मोडली. त्या वेळी त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. पाणी मागितलं म्हणून आम्हाला आत टाकलं होतं, आणि आत टाकलं ते अशा ठिकाणी.

तरी आम्ही मोर्चेवाले म्हणजे आठ दिवसांचे पाहुणे. खरे रहिवासी वेगळे होते. कच्चे कैदी. त्यांत उदगीरकडचा एक म्हातारा मेंढपाळ होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. रानात काडी उरली नाही म्हणून मामानं मेंढरं बंदी घातलेल्या कुरणात घातली, राखणदाराशी झोंबाझोंबी झाली, आणि राखणदाराचा सदरा फाटला. गुन्हा म्हणाल तर एवढाच. शिक्षा झालेली नव्हती, खटलाच उभा राहिला नव्हता. जामीन राहायला कुणी तालेवार माणूस गाठीला नव्हता, म्हणून गेल्या दिवाळीपासून तो तिथं बसून होता.

मामाला मुतखडा होता. कळ आली की तो ओरडायचा नाही, उपरण्याचा बोळा तोंडात कोंबायचा. सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर गजांबाहेरूनच बघून गेला. म्हणाला, “पाणी भरपूर प्यायचं. दिवसाला दोन घागरी. आणि नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, लवकर.” दोन घागरी म्हटल्यावर कोठडीतले काही जण हसले. मामाही हसला.

नांदेडला न्यायचं तर वरून हुकूम पाहिजे होता. आमचा पहारेकरी हवालदार नांदेडचा, सगळे त्याला चाचा म्हणायचे. तो म्हणायचा, “मेरे हात में क्या है भाई? बडे साब का हुकूम होना.” बडे साब म्हणजे तपासणीचे साहेब. नव्या जिल्ह्याला अजून स्वतःचे सगळे साहेब मिळाले नव्हते, काही उसने होते. हे नांदेडहून यायचे, कधीतरी.

तोवर आम्ही एक केलं. पिंपातून आपापला तांब्या भरला की प्रत्येकानं घोटभर पाणी मामाच्या मडक्यात ओतायचं. हे कुणी ठरवलं ते आठवत नाही. मी ठरवलं असं मी बऱ्याच ठिकाणी सांगितलंय. मडकं झरोक्याखाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. तहानेनं जीभ टाळूला चिकटायची, पण त्या मडक्याकडं कुणी वाकडी नजर केली नाही.

मग चाचानं बातमी आणली. उद्या साहेब येणार.

मास्तरांनी बेत आखला. “काही आवरायचं नाही. डबा आहे तिथं, पिंप रिकामं, आपण असे एकमेकांच्या मांडीवर. डोळ्यांनी नाही दिसलं तर नाकाला तर कळेल! आणि मामाला पुढं बसवायचं.”

“बोलायचं कुणी?” शिंप्यानं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

“हाच बोलंल,” अप्पा म्हणाले. “पर बाबा, साठाचे साठच सांग. तुझ्या तोंडी एका म्हशीच्या चार होतेत. आन् मामाची गोष्ट आधी. हुकूम मामासाठी पायजे, ध्यानात ठेव.”

मी शपथ घेतली. दुसऱ्या दिवसापर्यंत मनातल्या मनात बोलणं पाठ करत राहिलो. चाचा गजांबाहेर उभा राहून म्हणाला, “मैंने कुछ सुना नहीं,” आणि जाताना माझ्याकडं बघून मान हलवली.

साहेब ऐन दुपारी आले. त्यांच्या बाजूनं सांगायचं तर त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. नांदेडपासून जीपमध्ये धक्के खात आलेले, भुवयांत धूळ, ओठ पांढरे पडलेले. गजांना हात लावून उभे राहिले आणि चटका बसून हात मागं घेतला. मी घसा साफ केला.

तेवढ्यात मामा उठला. सकाळपासून पोटाशी गुडघे घेऊन पडलेला माणूस. “लई उनाचं आलाव साहेब,” म्हणाला आणि मडक्याकडं वळला. आणि काय सांगू, ज्या कोठडीत अप्पांना पाय हलवायला वीतभर जागा नव्हती, तिथं मामासाठी दारापर्यंत वाट झाली. माणसं कुठं गेली, भिंतीत शिरली की काय, मला आजही कळलेलं नाही. शिंप्यानं तांब्या सदऱ्याच्या टोकानं पुसला. अप्पांनी घरून आलेल्या डब्यातला गुळाचा खडा काढला. चाचा पळत जाऊन खुर्ची घेऊन आला. बेत मास्तरांचा, आणि गजांमधून हात घालून तांब्या पुढं सरकवला तोही मास्तरांनी.

साहेबांनी गूळ तोंडात टाकला आणि तांब्या वरून घटाघटा रिकामा केला. ओल्या फडक्यातलं पाणी, बर्फासारखं.

“आनखी घ्या,” मामा म्हणाला. साहेबांनी दुसराही घेतला.

मी तोंड उघडलं तर अप्पांनी मांडीला चिमटा काढला. “थांब की. पानी तर पिऊ दे मानसाला.”

अप्पांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं दारात आलेल्याला आधी गूळपाणी. मग बरं हाय का, लेकरंबाळं कशी हायत, पाऊसपाणी काय म्हणतंय. मग बसणं. मग चहा. मग विषय. आमच्या नायगावात भांडायला आलेला माणूससुद्धा आधी पाणी प्यायचा, सुपारी कातरायचा, आणि मग शिव्या द्यायचा. पाहुण्याच्या तोंडात पाणी असताना कुणी आपलं दुखणं उकरत नाही. आणि पहिल्यांदा ‘बरं हाय का’ विचारलं की त्याला जगात एकच उत्तर असतं.

साहेबांनी ओठ पुसले. मामाकडं बघून, अगदी मायेनं विचारलं, “काय बाबा, बरं आहे ना? काही त्रास?”

“बरं हाय की,” मामा म्हणाला.

“छान.”

आणि ते वळले. आम्हाला वाटलं, खुर्चीकडं वळले. आम्ही साठ माणसं ते बसायची वाट बघत राहिलो. बसले की मी सुरू करणार होतो. जीपचं दार वाजलं तेव्हा मास्तरांच्या ध्यानात आलं, आणि ते ओरडले, “अरे, ते चालले!” मग मी ओरडलो. मामाचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं, डब्याचं, पिंपाचं. एकही आकडा फुगवला नाही. माझा तो आवाज थेट बिदरपर्यंत गेला असेल, फक्त त्या जीपमध्ये शिरला नाही.

धूळ खाली बसल्यावर मी मामाकडं वळलो.

“मामा,” मी म्हणालो, “कामून बरं हाय म्हणलाव तुम्ही?”

मामा रिकामं मडकं फडक्यात गुंडाळत होता. “पयल्यांदा इचारल्यावर बरंच हाय म्हणतेत की. दुसऱ्यांदा इचारलं असतं तर सांगनार हुतो.”

त्या दिवशी संध्याकाळी त्याला मोठी कळ आली. मडक्यात थेंब नव्हता.

आठ दिवस भरल्यावर आम्ही सुटलो. लातूरला हार, पेढे, खांद्यावर मिरवणूक. मास्तर आणि मी मामासाठी चार कचेऱ्या फिरलो. एका टेबलापलीकडून उत्तर आलं, “तपासणी तर आत्ताच झाली. सगळं ठीक आहे तिथं.” अप्पांनी जामीन राहायची तयारी दाखवली तर तारीखच लागेना. पावसाळा लागल्यावर मामाला एकदाचं नांदेडला नेलं, एसटीतून, हातात बेड्या. मी बघायला गेलो. पाय खाटेच्या दांडीला साखळीनं बांधलेला, खाली चाचा बसलेला. एक मूत्रपिंड सडलं होतं, दुसरं त्याच वाटेवर होतं. वॉर्डातला नळ नीट बंद होत नव्हता, रात्रंदिवस वाहायचा. मामा त्या नळाकडं बघत पडलेला असायचा. पोळ्याच्या आधी तो गेला. खटला उभा राहिलाच नाही, म्हणजे कायद्याच्या हिशेबानं तो निर्दोषच मेला.

आमच्या डाळमिलमध्येसुद्धा पोती किती उंच रचायची याचा नियम होता, खालचं पोतं फाटू नये म्हणून. आणि माणसाला कोर्टानं डांबून ठेवायला सांगितलं होतं, तहानेनं मारायला सांगितलं नव्हतं. पाणी, हवा, आडोसा, डॉक्टर, यासाठी त्यानं गजांमागून नीट शब्दांत तक्रार करायला पाहिजे होती, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तसं चौदाच्या जागेत साठ होऊन बसावं. हे मी फुगवून म्हणत नाही.

पुढं मी नांदेडला राहायला आलो. बऱ्याच वर्षांनी विष्णुपुरीला धरणाकडं फिरायला गेलो असताना ते साहेब भेटले. निवृत्त झालेले, पांढरे केस, हातात काठी. मीच ओळख दिली. धरण तुडुंब भरलं होतं. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो आणि मी त्यांना सगळं सांगितलं, एका म्हशीची एकच म्हैस ठेवून. मोर्चा, डबा, साठ माणसांचा घोट घोट, कंपाउंडरच्या दोन घागरी, खाटेची साखळी.

“साहेब,” मी म्हणालो, “तुम्ही प्यायलात ते त्याचं औषध होतं.”

त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला.

“मी विचारलं होतं त्यांना,” साहेब म्हणाले. “बरं आहे म्हणाले.”