अप्पांची राहिलेली उत्तरपूजा

काल अप्पांना सिनेमात पाहिलं आणि मला किळस आली.

भाच्यानं फॅमिली ग्रुपवर क्लिप टाकली. जुना ब्लॅक अँड व्हाइट धार्मिक सिनेमा. त्यात माझे वडील, पंचविशीतले, दत्ताच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतायत.

खाली हात जोडलेल्या इमोजींचा पूर. "प्राऊड ऑफ यू पणजोबा!"

कसलं डोंबलाचं प्राऊड?

निजामावरची पोलीस अ‍ॅक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. अप्पा त्याच मुलखातल्या मेहकर नावाच्या खेड्यात भिक्षुकी करायचे. माझा जन्म व्हायचा होता, हे सगळं मायनं सांगितलेलं. मुंबईहून सिनेमा कंपनी आली. माळावर फळ्यांचं देऊळ उभं केलं, आत प्लास्टरचा दत्त. तीन तोंडं, सहा हात.

डायरेक्टर म्हणाला, "गुरुजी, मंत्र खरे म्हणा. भाव चेहऱ्यावर दिसतो."

माय म्हणाली, "अवं, नुसते ओठ हलवा की. खरे मंत्र कामून म्हणायलाव?"

"नुसते ओठ हलवायला मला येत न्हाई."

अप्पांनी उपास धरला. मूर्तीच्या छातीवर हात ठेवून देवाला बोलावलं.

"कट! वन मोअर!"

अप्पा हबकले. आलेल्या देवाला परत 'ये' कसं म्हणायचं? आधी उत्तरपूजा करून त्याला निरोप द्यायला हवा. डायरेक्टर म्हणाला, ऊन चाललंय, वेळ नाही.

सात टेक झाले. सातव्याच्या वेळी तो गृहस्थ निरांजनाच्या ताटात सिगारेट विझवत होता.

अप्पांनी प्रतिष्ठा केली म्हटल्यावर गाव लोटलं. नारळ, हळदकुंकू, नवस. कॅमेऱ्याला तेच पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी पॅकअप. दत्ताचे सहा हात ट्रकमध्ये मावेनात. करवत आणली.

अप्पा धावत गेले. "जरा थांबा. उत्तरपूजा करतो, मग काय करायचं ते करा."

"अहो गुरुजी, प्लास्टर आहे ते!"

आणि मूर्ती हलू नये म्हणून घट्ट धरली कुणी? काल नारळ फोडलेल्या आपल्याच लोकांनी. बदल्यात सेटचे पडदे मिळाले. कित्येक वर्षं ते गावातल्या दारांना होते.

मला त्या डायरेक्टरपेक्षा त्या पडद्यांची जास्त शिसारी येते.

अप्पांनी भिक्षुकी सोडली. प्राथमिक शाळेत मास्तर झाले. सिनेमा कधी पाहिला नाही. आमच्या देवघरात मात्र एक रिकामा पाट असायचा. त्यावर रोज एक फूल.

कॉलेजात असताना मी शहाणपणा केला. "अप्पा, प्लास्टर होतं ते."

हुबेहूब त्या डायरेक्टरचं वाक्य. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "आलाच नव्हता म्हणलं, तर माझे मंत्र खोटे. आलता म्हणलं, तर मी त्याला कापू दिलो. तूच सांग बाई, काय म्हणू?"

"मग आता करा की उत्तरपूजा."

"मूर्ती समोर नसता निरोप कुणाला देऊ?"

शेवटच्या आजारपणातही हेच. "त्याची उत्तरपूजा राहिली की गं."

आता क्लिपबद्दल ऐका. अप्पांचे ओठ हलतायत आणि आवाज येतोय गाण्याचा. पेटी, टाळ, कोरस. मंत्राचा एक शब्द नाही.

सात वेळा खऱ्या माणसाकडून खरं वदवून घेतलं, आणि वापरले नुसते ओठ!

बरं झालं अप्पा, तुम्ही पाहिला नाही.

पण त्या क्लिपमध्ये एका ठिकाणी दत्त पूर्ण दिसतो. सहाच्या सहा हात.

आज अप्पांची पुण्यतिथी. सकाळी अंघोळ करून त्या जागी क्लिप थांबवली आणि मोबाईल अप्पांच्या मागे माझ्याकडे आलेल्या त्या रिकाम्या पाटावर ठेवला. माझी श्रद्धा तुमच्याएवढी नाही अप्पा, मंत्रही येत नाहीत. सुनेनं दारातून पाहिलं.

हळदकुंकू वाहिलं. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. अक्षता टाकल्या आणि गणपती हलवतात तसा पाट जागेवरून थोडा हलवला.

स्क्रीन आपोआप बंद झाली.

देव गेला, अप्पा.

आता तुमीबी सुखानं जावा.