एका बटणाचा खेळ

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नव्वदच्या दशकात आमच्या उचगावात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचं वेड आलं, तेव्हा गल्लीतली पोरं तिला खेळायला घ्यायला नाखूश असायची. एकदा रिमोट तिच्या हातात गेला की अर्धा दिवस परत मिळत नसे. ती हरायचीच नाही.

दहावीनंतर तिचे पाय हळूहळू तिचं ऐकेनासे झाले. आधी जिना चढताना गुडघ्यावर हात टेकू लागली, मग भाकरी थापताना खांदे भरून यायला लागले. मिरजेच्या डॉक्टरांनी आबांना बाहेर बोलावून सांगितलं की आजार स्नायूंचा आहे, त्यावर औषध नाही, आणि तो वाढतच जाणार. आबा फाउंड्रीत टर्नर होते. लोखंडाचं काही बिघडलं तर ते रात्र न् दिवस मागे लागायचे. त्या दिवशी मात्र बसमध्ये घर येईपर्यंत ते डॉक्टरांच्या कागदाची घडी घालत आणि उलगडत बसले. आई दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायला लागली.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून यूपीएस दुरुस्तीच्या कामाला लागलो होतो. माझ्या वर्गातला एक मित्र नोकरीनिमित्त कोरियाला गेला होता. सुट्टीवर येताना त्यानं हातात मावणारं एक गेम खेळायचं यंत्र आणलं. चार दिवसांत त्याला त्याचा कंटाळा आला आणि त्यानं ते मला दिलं. दोन पेन्सिल सेलवर चालायचं, तळहाताएवढा पडदा, बाजूला बटणं. दिसायला साधंच. पण ते बनवणाऱ्यांनी त्याचं पोट उघडं ठेवलं होतं. आतला प्रोग्राम कुणीही वाचावा, बदलावा, स्वतः लिहिलेला गेम त्यात घालावा, अशी त्याला मुभा होती. जगभरातले हौशी लोक एका वेबसाइटवर जमून तेच करत बसायचे.

अक्काला तोवर खुर्चीतून उठायला आधार लागत होता. मी ते यंत्र तिला दिलं. तिनं ते आठवडाभर हाताळलं आणि मला माझ्या जुन्या कॉलेजच्या लायब्ररीतून प्रोग्रामिंगचं पुस्तक आणायला सांगितलं. आमच्याकडं एक जुना कॉम्प्युटर होता. लोडशेडिंगमुळे तो दिवसातले कित्येक तास बंदच असे. वीज असेल तेव्हा ती लिहायची, वीज गेली की लिहिलेलं त्या यंत्रावर खेळून बघायची. एवढं काय आहे त्यात, असं मी विचारलं.

"बाकीची सगळी यंत्रं आपल्याला सांगत्यात कसं वागायचं," ती म्हणाली. "ह्याला आपण सांगायचं."

डावा अंगठा दमायला लागला तेव्हा तिनं डावीकडची सगळी कामं उजव्या बटणांवर आणली. काही महिन्यांनी सहाची चार बटणं केली, मग दोन. वेबसाइटवर लोक तिचे गेम उतरवून घ्यायचे. पोलंडमधल्या एका माणसानं लिहिलं होतं की बटणं कमी केल्यानं खेळ अवघड आणि जास्त मजेशीर होतो, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी? तिनं टोपणनाव घेतलं होतं, त्यामुळं ती बाई आहे, उचगावातली आहे, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं काय ते सांगून टाक, असं मी तिला म्हटलं.

"सांगितलं की कौतुक बदलतं. मग ते गेमचं ऱ्हात न्हाय."

शेवटचा गेम एका बटणाचा होता. बेडकानं वाहत्या पाण्यातल्या दगडांवरून उड्या मारत जायचं. बटण दाबलं की उडी. वेबसाइटवरच्या गुणांच्या यादीत तिचं टोपणनाव बरेच दिवस सगळ्यात वर होतं. मग ते खाली खाली जाऊ लागलं, कारण बोटात बटण दाबण्याइतकाही जोर उरला नव्हता.

मी यंत्र उघडलं. बटणाच्या दोन टोकांना बारीक वायरी झाळल्या आणि एक हलका स्विच बाहेर काढला. आबांनी त्याला पत्र्याची पट्टी वाकवून बसवली. आधी तो कोपराखाली ठेवला, नंतर गालाजवळ उशीला बांधला. मान किंचित वळवली की बेडूक उडी मारायचा. त्या पावसाळ्यात घरात जरा बरं वाटत होतं. आबा कामावरून आले की विचारायचे, आज किती झाले?

दिवाळीच्या सुमारास मान उशिरा वळू लागली. बेडूक पाण्यात पडायचा. तिचं टाइप करणं केव्हाच सुटलं होतं, ती सांगायची आणि मी करायचो. वेग बारावरून दहा कर, म्हणाली. मग आठ. मग पाच. पाचावर बेडूक हवेत तरंगल्यासारखा दिसायचा. तरीही तो पडला.

"अजून कमी करू?" मी विचारलं.

"किती कमी करशील? मग तो बसूनच ऱ्हाईल की."

काही दिवस ती बघायची आणि मी खेळायचो. ती "आता" म्हणायची आणि मी बटण दाबायचो. तिचा शब्द माझ्या कानात शिरून बोटापर्यंत पोहोचेस्तोवर दगड निघून गेलेला असे. ती रागावली नाही. एका दुपारी तिनं मला ते बंद करायला सांगितलं, आणि पुन्हा कधी मागितलं नाही.

त्यानंतर ती दीड वर्ष होती. आईबरोबर टीव्हीवरच्या मालिका बघायची. पूर्वी त्यांची तिला चीड होती. आता कुठल्या सुनेनं काय केलं हे ती मला सांगायची, आणि मी ऐकायचो. त्या दीड वर्षात तिनं खरोखर काय विचार केला ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. थंडीत न्यूमोनिया झाला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी ती वेबसाइट उघडली. पोलंडच्या माणसाचा निरोप वर्षभर तिथं पडून होता. पुढचा गेम कधी येणार, असं त्यानं विचारलं होतं. मी तुटक्या इंग्रजीत सगळं लिहिलं, तिनं जे लपवलं होतं तेही. लिहून झाल्यावर वाटलं, तिला हे आवडलं नसतं. पण पाठवून बसलो होतो. उत्तर आलं नाही. कंपनीनं ते यंत्र बनवणं थांबवलं होतं, लोक दुसरीकडं गेले होते. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं तर ती वेबसाइटच उघडेना. तिनं तिथं लिहिलेलं उतरवून ठेवावं, हे मला सुचलं नव्हतं.

आईनं एकदा कपाट आवरताना यंत्र बाहेर काढलं आणि कुणाला तरी देऊन टाक म्हणाली. आत सेल फुटून पाझरले होते. सेल टेकतात त्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता आणि तिचे गेम ज्यावर होते ते मेमरी कार्ड वाचता येत नव्हतं. पट्ट्या घासून, वायरी बदलून यंत्र तरी चालू झालं असतं. माझं रोजचं कामच ते. मी ते केलं नाही.