अंतराळवीराची सही आणि सत्तेचाळिसावं पान

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, कारण माझ्या सगळ्या नोकरीत स्वतःविरुद्धचा पुरावा इतक्या उत्साहाने ठाण्यात घेऊन आलेला तो एकमेव आरोपी होता.

तेव्हा मी भिलाईतल्या एका ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाणेदार होतो. एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच रिसालीच्या एका मराठी मंडळाचे अध्यक्ष तक्रार घेऊन आले. अर्ज चार पानांचा. पहिली दोन पानं मंडळाच्या गौरवशाली परंपरेवर होती, चोरी तिसऱ्या पानावर होती.

मंडळाच्या वाचनालयात एका परदेशी अंतराळवीराचं आत्मकथन होतं. काही वर्षांपूर्वी तो टाउनशिपमध्ये आला असताना त्याने सगळ्यांच्या देखत त्यावर सही केली होती. अध्यक्षांना आता ते पुस्तक काचेच्या पेटीत ठेवायचं होतं, पेटीचं उद्घाटन करायचं होतं आणि भाषणात पुस्तकाची किंमत सांगायची होती. त्यासाठी जुनवानीतल्या एका मूल्यांकन तज्ज्ञाला बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं आणि ‘शास्त्रीय तपासणी’साठी पुस्तक त्याच्या हवाली केलं. पावती घेतली नाही. ज्याच्या खांद्यावर आत्ताच शाल घातली, त्याच्याकडे पावती मागायला आपल्या लोकांना लाज वाटते.

आठवड्याने पुस्तक परत आलं. सोबत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र होतं: सही यंत्राने केलेली आहे, पुस्तकाची किंमत रद्दीची. सही तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे पुस्तक बदललं गेलं होतं. अध्यक्षांचं उत्तर तयार होतं: तज्ज्ञाकडे जाण्याआधीच बदललं, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे त्यानेच बदललं.

किल्ली ग्रंथपालाकडे होती. हे गृहस्थ मूळचे भंडाऱ्याकडचे. पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात नोकरी करून निवृत्त झाले आणि तेव्हापासून बिनपगारी वाचनालय सांभाळत होते. कार्यकारिणीने त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या होत्या. रविवारच्या सभेत त्यांचं नाव सभासदांच्या यादीतून खोडलं जाणार होतं, कारण लिहून: चोरी.

मी त्यांना बोलावलं. खुर्ची दिली तरी ते उभेच राहिले.

“काकाजी, पुस्तक कुठं आहे?”

“मले कावून विचारता साहेब? ज्याले देल्लं त्याले विचारा.”

“तो म्हणतो, हेच दिलं होतं.”

टेबलावरच्या, परत आलेल्या पुस्तकाला त्यांनी हातही लावला नाही. “हे आमचं नाही. सत्तेचाळीस पान उघडा.”

मी उघडलं. छापील मजकुराशिवाय तिथे काही नव्हतं.

“पाहा. मंडळाचा शिक्का पयल्या पानावर असते, तो साऱ्यायले दिसते. दुसरा मी सत्तेचाळिसाव्या पानावर मारतो, शिवणीजवळ. तो फक्त मले माहीत. चोर पयलं पान फाडते साहेब, सत्तेचाळीस कोन फाडते?”

“हे कार्यकारिणीला का नाही सांगितलं?”

“चार हजार पुस्तकं हायेत. त्यायले सांगतलं असतं तं संध्याकाळलोक पूर्ण रिसालीले माहीत झालं असतं. अन् जे मले चोर म्हणून राहिले, त्यायले पान दाखवत बसू काय?”

परत आलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मात्र शिक्का होता. ग्रंथपालांनी पुस्तक बदललं असतं, तर त्यांनी दोन्ही पानांवर शिक्के मारले असते. खरा शिक्का त्यांच्याच खणात होता. बदलणारा बाहेरचा होता आणि त्याने शिक्का बनवून घेतला होता. हवालदाराला बाजारातल्या शिक्केवाल्यांकडे पिटाळलं. दुसऱ्या दिवशी खबर आली: मंडळाच्या नावाच्या शिक्क्याची ऑर्डर एकाकडे नोंदवलेली होती, आणि पावतीवरचा फोन नंबर आमच्या तज्ज्ञाचा होता.

पण पुस्तक कुठे होतं? छापा घातला आणि त्याने ते दुसरीकडे ठेवलं असलं, तर शिक्क्याची पावती घेऊन मी करणार काय? म्हणून मी त्याला फोन केला. “सर, तपासात तुमचं तज्ज्ञ मत हवं आहे. पंचांना फरक समजावून सांगाल का? याच अंतराळवीराची एखादी अस्सल सही नमुन्याला मिळाली असती, तर फार उपकार झाले असते.”

 भीती आणि मोठेपणा यांची पलीकडे झटापट चालली असावी. मोठेपणा जिंकला.

“है न सर! मेरे निजी संग्रह में है।”

तो आला तो मखमली कापड, भिंग आणि पांढरे हातमोजे घेऊन. दोन पंच समोर बसवले होते. तो सांगू लागला, यंत्राच्या सहीची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच जाड असते. हाताच्या सहीत दाब बदलतो, शेवटची अक्षरं घाईत सुटतात, पानामागून बोट फिरवलं तर उठाव लागतो. व्याख्यान उत्तम झालं. या विषयातलं मला जे काही कळतं ते मी त्याच्याकडूनच शिकलो.

“मंडल वाली रद्दी है सर,” तो म्हणाला. “ये असली चीज़ है।”

“तुमचीच प्रत?”

“सौ टक्का।”

ते मी लिहून घेतलं. त्याने सही केली, दाब चांगला होता. मग मी सत्तेचाळिसावं पान उघडलं. शिवणीजवळ, जरासा तिरका, जांभळा शिक्का.

ग्रंथपालांना आत बोलावलं. अंतराळवीराच्या सहीकडे त्यांनी पाहिलंही नाही. शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाले, “शाई फिकी पडली न साहेब.” तज्ज्ञ हातमोजे काढू लागला होता. पहिल्या पानावरचा शिक्का रसायनाने पुसल्याचं त्याने जप्ती पंचनाम्याआधीच कबूल केलं.

शनिवारी अध्यक्ष पुन्हा आले. ‘गैरसमज दूर झाला’ एवढंच सभेत सांगावं, अशी त्यांची सूचना होती. मी नको म्हटलं. रविवारी मी गणवेशात सभेला गेलो आणि मी लिहून नेलेला कागद अध्यक्षांच्या हाती दिला. ‘ग्रंथपालांवर मी केलेला चोरीचा आरोप खोटा होता,’ असं त्यांनी वाचलं.

मागच्या रांगेतून ग्रंथपालांच्या पत्नी ओरडल्या, “जरा मोठ्यानं वाचा भाऊजी, मांगं आयकू नाही येऊन राहिलं!”

सभागृह हसलं. अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं आणि किल्ल्या काकाजींच्या हातात दिल्या. टाळ्या इतका वेळ वाजल्या की अध्यक्षांना आपलं पुढचं भाषण सोडून द्यावं लागलं.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. वस्तूबद्दल विचारायचं असेल, तर ती रोज ज्याच्या हाताखालून जाते त्याला आधी विचारायचं, बिरुदं लावणाऱ्यांना नंतर. सोमवारी मी आमच्या मालखान्याच्या, म्हणजे जप्त मुद्देमालाच्या खोलीच्या, हवालदाराला केबिनमध्ये बोलावलं, बसवलं, चहा मागवला आणि म्हटलं, “सांगा.” तोवर दोन वर्षं मी त्या ठाण्यात होतो, पण त्याला असं कधी विचारलं नव्हतं. त्या एका तासात त्याने माझ्याकडचे तीन जुने, अडलेले गुन्हे सोडवून दिले.